काडीला सोबत

ज्या काचेतून काडीने बाहेर झेप घेतली, ती काच काचवाल्याने स्वतःच्या हाताने मोजून, कापून, कडा घासून बसवलेली होती; आणि या गोष्टीचा त्याच्या मनाला जो चटका लागला तो, त्याच्या बायकोच्या मते, अगदीच गैरलागू होता. "दुसऱ्याच्या दुकानातून आणली असती तर काय रबराची निघाली असती?" असे तिने विचारलेही. परंतु ज्याचे आयुष्य काचेत गेले त्याला काचेचा कोणताही अपराध परका वाटत नाही, आणि काचवाल्याचा स्वभाव तर असा की, दुधाने तोंड पोळलेले नसतानाही तो ताक फुंकून पीत असे.

काडी ही त्यांची व्हिपेट कुत्री. ग्रेहाउंडची धाकटी बहीण म्हणावी अशी ही जात: लांब पाय, आत ओढलेले पोट, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी, आणि आपल्याला सोडून कुणीतरी आत्ताच निघाले आहे असा डोळ्यांत कायमचा भाव. काडीच्या बाबतीत तो नुसता भाव नव्हता. घरात माणूस नसेल तर ती प्रथम थरथरे, मग धापा टाकी, आणि मग बाहेरची वाट शोधू लागे. एका दुपारी नवराबायको दोघेही बँकेत गेली आणि परतून पाहतात, तो बाल्कनीच्या दाराची खालची काच फुटलेली आणि काडी कठड्याशी रक्तात बसलेली. छातीपासून खांद्यापर्यंत कातडी उसवली होती. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि हातमोजे काढता काढता बजावले, "या वेळी नस वाचली. हिला एकटी ठेवू नका. माणूस ठेवा, नाहीतर दुसरं कुत्रं आणा. पण शांत डोक्याचं."

काचवाल्याने दाराला न फुटणारी जाड काच बसवली, आणि बसवून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की, आता काच फुटणार नाही म्हणजे डोके फुटेल.

जखम भरली, टाके निघाले, पण प्रश्न मिटला नाही. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी; डागडुजीसाठी बंद असलेली ती प्रयोगशाळा सोमवारी उघडणार होती. दिवसभर माणूस ठेवणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. दुकानात काडीला नेता येत नव्हते, कारण काचेच्या दुकानाची जमीन कितीही झाडली तरी ती काचेच्या दुकानाचीच जमीन असते. उरला बायकोचा धाकटा भाऊ. तो शहराबाहेर राही. अंगण मोठे, मन त्याहून मोठे. पण अंगणात कोंबड्या होत्या, आणि पळणारी वस्तू दिसली की व्हिपेटच्या डोक्यात दुसरे काही उरत नाही. म्हणजे काडी तिथे गेली तर साखळीला बांधूनच राहणार. सोमवारच्या आत सोबत मिळाली आणि पटली, तर काडी घरात. नाही तर मेहुण्याच्या अंगणात, खुंट्याला. काचवाल्याचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला.

शुक्रवारी ती दोघे काडीला घेऊन टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेली. निवारा चालवणाऱ्या बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी काडीला नखशिखांत न्याहाळले, तिच्या छातीवरची गुलाबी रेघ पाहिली, आणि काचवाल्याला म्हणाल्या, "कुत्र्यांना अंगाने बोलू द्या. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवायचं."

"तेवढंच अवघड आहे," बायको म्हणाली.

पहिला आला तो एक टेरियर, नावाने फटाका. त्याने काडीभोवती दोन गिरक्या मारल्या आणि खेळाच्या भरात तिच्या मानेची कातडी दातात धरली. दात लागला नव्हता. तरी काडीने अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या आवारातली सगळी कुत्री एकदम भुंकू लागली. काचवाल्याची पाचावर धारण बसली. दुसरा लॅब्रॅडॉर, पैलवान. त्याच्या मनात काळेबेरे काही नव्हते, किंबहुना मनात काहीच नव्हते. तो केवळ आनंदाने छाती पुढे काढून धावत आला. काडी वेळेवर बाजूला झाली आणि तो काचवाल्यावर आदळला.

"बघितलंत? मी होतो म्हणून," काचवाला कपडे झटकत म्हणाला. "ती असती तर बरगड्यांचा चुरा झाला असता."

"तुमच्या झाल्या का?"

"माझ्या जाड आहेत."

"कातडीसुद्धा," बायको म्हणाली.

तिसरा कुत्रा बोलावूनही आला नाही. तो भिंतीकडेच्या उन्हात आडवा पसरला होता: बॅसेट हाउंड, आखूड पाय, जमिनीवर लोळणारे कान, आणि अंगात एवढी कातडी की तीत दुसरे एक कुत्रे सहज मावले असते. त्याचा मालक परदेशी निघून गेला होता. निवाऱ्यात त्याला लोड म्हणत. काडीच लांब दोरीनिशी त्याच्याकडे गेली. लोडने एक डोळा उघडला, सावकाश उठला, तिच्या छातीवरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली, जणू कुणी जुना मजकूर वाचत आहे, आणि वाचून झाल्यावर तिच्या पुढ्यातच पुन्हा धप्पकन खाली बसला. काडी थरथरायची थांबली. हे बायकोने पाहिले. काचवाल्याने पाहिले ते लोडचे वजन.

"हा चुकून अंगावर बसला तर?"

"अहो, तो बसतो कुठे? पडतो."

"तेच म्हणतोय मी! शिवाय हा तिच्याबरोबर पळणार कसा? पाय आहेत की खुंट्या?"

निवाऱ्याच्या बाईंनी बूट चिखलात आपटले. "तिच्याबरोबर पळेल असं कुत्रं माझ्याकडे नाही. तसंच हवं असेल तर मोटरसायकल घ्या. दिवसभरात ही पळते किती वेळ?"

काचवाल्याला खरे बोलावे लागले. "थोडाच वेळ. संध्याकाळी, मैदानात."

"आणि उरलेला दिवस?"

"झोपते. म्हणजे, आम्ही घरात असलो तर."

"मग झोपायला जोडीदार शोधा की," बाई म्हणाल्या, आणि लोडचा पट्टा बायकोच्या हातात दिला. नवऱ्याच्या हातात दिला असता तर संध्याकाळपर्यंत तिथेच वाद चालला असता, हे त्यांनी ओळखले होते. लोड चाचणीपुरता घरी आला.

आता काच कशी नेतात याविषयी थोडे सांगणे भाग आहे. काच कधी आडवी नेत नाहीत, उभी नेतात. दोन काचांमध्ये कागद घालतात. आणि लाकडी पेटीत त्या अशा ठासून बसवतात की बोट शिरू नये. वजनाने काच क्वचित फुटते. मोकळ्या जागेत ती हलते, आपटते आणि फुटते. हे सूत्र काचवाला दुकानात आलेल्या प्रत्येकाला आणि घरी आलेल्या बहुतेकांना ऐकवीत असे. त्याच पेट्यांच्या फळ्या त्याने शनिवारी सकाळी खांद्यावरून घरी आणल्या आणि बैठकीच्या खोलीत आडव्या ठोकून तिचे दोन भाग केले: अलीकडे, बाल्कनीच्या बाजूला, काडी आणि तिची गादी, पलीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला, लोड. फळ्यांमधून पलीकडचे दिसत होते, पण त्यांची उंची काडीला ओलांडता येणार नाही इतकी होती.

"सोबत आणली आणि मध्ये भिंत घातली," बायको म्हणाली. "शाब्बास!"

"एकमेकांना दिसतात ना? वास येतो ना? पुरे."

दुपारी दोघे दाराला कुलूप लावून जिन्यात उभी राहिली. आतून आधी नखांचा आवाज आला, मग धापा, मग एक बारीक, लांबत जाणारा सूर. फळ्यांवर कुणीतरी धडका देत होते. मग बाल्कनीच्या दारावर एक टणक आवाज झाला, आणि काचवाल्याने बायकोचा हात झिडकारून दार उघडले. काच शाबूत होती. काचेवर काडीच्या नाकाएवढा रक्ताचा ठसा होता. पलीकडे लोड फळीला डोके टेकवून उभा होता.

काचवाल्याने तिचे नाक पुसले आणि मेहुण्याला फोन लावला.

"उद्या संध्याकाळी ये," तो म्हणाला. "घेऊन जा तिला."

"भाऊजी, एवढ्यात हरलात?" मेहुण्याचा आवाज खोलीभर घुमला. "आमच्या ताईसाठी तुमचं स्थळ बघायला आम्ही एवढासुद्धा वेळ लावला नव्हता."

"आणि बघ काय झालं!" बायको फोनच्या दिशेने ओरडली.

फोन ठेवल्यावर ती काडीचे कान चोळू लागली. मग म्हणाली, "एक विचारू? काच कशाने फुटते?"

"आता हे काय?"

"लोकांना सांगता ना, जेवताना घास हातात धरून? कशाने फुटते?"

"फटीने," काचवाला नाइलाजाने म्हणाला.

"मग ही एवढी मोठी फट घरात ठोकली कुणी?"

काचवाला वादात सहसा निरुत्तर होत नसे. "काच उडी मारत नाही," तो म्हणाला. "काच घाबरत नाही. काचेला जीव नसतो."

"म्हणूनच तुमचं तिच्याशी जमतं," बायको म्हणाली. "उद्या एकदाच फळ्या काढा. एकदाच. नाही जमलं तर तिची गादी मीच बांधून देईन, आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

तिने चकार शब्द न काढण्याचे वचन द्यावे, यावरून प्रसंगाचे गांभीर्य काचवाल्याच्या ध्यानात आले. रविवारी दुपारी त्याने एकेक खिळा उपटला. प्रत्येक खिळ्याबरोबर त्याला एक नवा अनर्थ सुचत होता, आणि तो तो बोलून दाखवीत होता: पंजा डोळ्यात जाईल, दात जखमेवर लागेल, बशीवरून भांडण होईल, पाठ मोडेल. बायको फळ्या उचलून बाहेर ठेवीत होती. मग पुन्हा कुलूप, पुन्हा जिना.

या वेळी नखांचा आवाज झाला, थोड्या धापाही ऐकू आल्या. त्यानंतर आतून धप्प असा एक जड आवाज आला, आणि मग काहीच नाही.

काचवाल्याने या शांततेची अपेक्षा केली नव्हती. "काय पडलं?" तो कुजबुजला.

"लोड पडला असेल. तो पडतोच."

"कुणावर?"

आता बायकोच्याही मनात पाल चुकचुकली होती. रडणारे कुत्रे निदान जिवंत असते. गप्प कुत्र्याविषयी जिन्यात उभे राहून काय सांगावे? थोडा वेळ तिने त्याची बाही धरून ठेवली, मग आपणच सोडली. किल्लीही तिनेच लावली.

बाल्कनीची काच शाबूत होती आणि तीवर नवा डाग नव्हता. खोलीत काडी नव्हती. कोपऱ्यात, काडीच्या गादीवर, भिंतीला लागून लोड आडवा पसरला होता; काडीचे पांघरूण अर्धे त्याच्या पाठीखाली, अर्धे भिंतीकडे गोळा झालेले; आणि काडी कुठेही नव्हती.

"खाली आहे! त्याच्या खाली आहे ती!" काचवाला गुडघ्यांवर कोसळला, लोडच्या पुढच्या पायांना धरून ओढू लागला. लोड हलला नाही. त्याने फक्त एक दीर्घ उसासा टाकला. काचवाल्याने त्याची कातडी धरून ओढली, तेव्हा कातडी तेवढी आली, लोड जागीच राहिला. मग त्याने भिंत आणि कुत्रा यांच्यामध्ये हात घातला.

आतून गुरगुर ऐकू आली.

काडी आजवर कधी गुरगुरली नव्हती. तिला तो आवाज येतो हेदेखील कुणाला ठाऊक नव्हते. पांघरूण हलले आणि लोडचे पोट व भिंत यांच्यामधून तिचे निमुळते तोंड बाहेर आले. ती तिथे अशी ठासून बसली होती की बोट शिरायला जागा नव्हती. डोळे झोपेने जड झाले होते. तिने काचवाल्याच्या हाताकडे पाहिले, वरचा ओठ अगदी थोडा उचलला, आणि पुन्हा आत गेली.

"चिरडली नाही ना?" तो म्हणाला. त्याचा हात अजून तसाच होता.

"हात काढा आधी," बायको डोळे पुसत म्हणाली, "नाहीतर टाके तुम्हाला पडतील."

संध्याकाळी मेहुणा आला. सोबत नवी कोरी साखळी होती. ती त्याने पाठीमागे लपवली होती, आणि त्यावरून त्यालाही ती आवडली नव्हती हे उघड होते. कोपऱ्यात त्याने बराच वेळ पाहिले. "यात ताईची काडी कुठंय?" त्याने विचारले. बायकोने पांघरुणातून निघालेल्या एका शेपटीकडे बोट दाखवले.

"म्हणजे मी उगाच आलो?"

"रिकाम्या हाताने नको जाऊस," काचवाला म्हणाला. "बाहेर फळ्या आहेत, त्या ने. तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला होतील. चांगलं लाकूड आहे. फक्त खिळे सरळ करून घे, आणि हे बघ, फळ्या बांधताना मध्ये फट—"

"चला, आले मूळपदावर," बायको म्हणाली.

सोमवारी बायको आधी निघाली. काचवाल्याने लोडच्या पुढ्यात पाणी ठेवले, काडीचे पांघरूण सारखे केले, बाल्कनीचे दार दोनदा तपासले आणि कुलूप लावले. जिना उतरून रस्त्यापर्यंत गेला. तिथे त्याला सुचले की, लोड कूस पालटेल, आणि कूस भिंतीकडेच पालटेल. तो परत वर आला आणि दाराला कान लावला.

आत कुणीतरी घोरत होते. घोरणे इतके खोल आणि संथ होते की तो लोडच असणार. पण त्याखाली, बारकाईने ऐकले तर, दुसरा एक हलका श्वास चालला होता, किंवा चालला असावा. काचवाल्याने किल्ली कुलपात घातली. मग दार उघडले तर काडी जागी होईल, आणि जागी झाली तर त्याला पुन्हा निघताना पाहील, एवढा विचार त्याने किल्ली धरूनच केला. त्याने ती न फिरवता बाहेर काढली, आवाज होऊ नये म्हणून मुठीत घट्ट धरली, आणि पायऱ्यांच्या कडेकडेने दुकानाकडे निघाला.