‘काल’ म्हणजे कोणता दिवस

माझी पाने चारशे बारा, प्रकरणे सव्वीस. त्यांतल्या पंचवीस प्रकरणांच्या समासात खुणा आहेत. काही पेन्सिलीच्या, काही निळ्या शाईच्या. सातवे प्रकरण मात्र कोरेच राहिले. मित्रांनो, प्रोग्रॅम नीट कसा लिहावा हे शिकवणारे मी एक जुने पुस्तक आहे. माझी भाषा इंग्रजी, पण आयुष्य गेले बडोद्यात. त्यामुळे मराठी आणि गुजराती रोज ऐकत मी जुने झाले.

दिल्लीच्या एका छापखान्यात, स्वस्त आवृत्तीच्या पिवळट कागदावर माझा जन्म झाला. तिथून मी सयाजीगंजातल्या एका दुकानात आले. देशात नव्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि सयाजीगंजात प्रत्येक जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती. अशाच एका क्लासमधल्या दोन मुलींनी मिळून मला घेतले. बडोद्याच्याच तरसाली भागातली संयोगिता आणि समा भागातली हेतल. दोघीही विज्ञानाच्या पदवीधर. पेन्सिल संयोगिताची, निळी शाई हेतलची. मी एक आठवडा तरसालीला राही, एक आठवडा समाला.

“एवढं तर आम्ही तुम्हा पोरांनासुद्धा नाही जपलं,” संयोगिताची आई मथुराबाई हसत म्हणे. “पाळण्यात घाला आता त्याला. हेतल, जेवून जा गं.”

“मासी, भाखरी नहीं, तमारी पुरणपोळी होय तोज बेसुं,” हेतल म्हणे, आणि पोळी नसली तरी बसे.

त्या दोघी मला नुसते वाचत नसत, माझ्याशी भांडत. ‘एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये’ या माझ्या वाक्याखाली हेतलने दोनदा रेघ ओढली होती. पण सातव्या प्रकरणापाशी दोघी हसल्या. ते नावांबद्दल होते. प्रोग्रॅममध्ये तारखेला, आकड्याला, यादीला काय नाव द्यावे, याबद्दल.

“नाव ठेवायलासुद्धा शिकायचं? बारसं आहे का?” संयोगिता म्हणाली.

“गमे ते नाम राख ने, चालशे,” हेतल म्हणाली, आणि तिने बारा पाने एकदम उलटली.

हेतलच्या घरी भावनगरचे स्थळ आले होते. “दिवाळीच्या आधी नोकरी लागली तर मी थांबेन,” असे तिचे वडील म्हणाले होते. नेमके तेव्हाच मोहनराव नावाच्या गृहस्थांनी सयाजीगंजात छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली. लहान मुलांना लशी टोचणाऱ्या एका दवाखान्याचे काम त्यांच्याकडे आले होते. ते त्यांनी या दोघींवर सोपवले. “चाललं, तर दोघींना ठेवून घेतो,” ते म्हणाले.

डॉक्टरांना दोन याद्या हव्या होत्या. काल कोण आले आणि उद्या कोणाला बोलवायचे. पहिली यादी संयोगिताने लिहिली. आजच्या तारखेतून एक वजा करून तिने त्या तारखेला नाव दिले ‘काल’. दिवसभर ती गुजराती बोले, पण तारखा मोजताना तिच्या मनात घरची मराठी असे. दुसरी यादी हेतलची. संयोगिताच्या भागात ‘काल’ तयार दिसताच ती खूश झाली. गुजरातीत गेलेला दिवसही काल आणि येणारा दिवसही काल. तारीख आधीच काढलेली आहे, मग पुन्हा कशाला लिहायची? माझ्या वाक्याखाली तिने उगाच रेघ ओढली नव्हती.

दोघींनी आपापला भाग तपासला. हेतलने तपासताना तारीख हाताने घातली. दोन्ही भाग बरोबर निघाले. जोडून मात्र कोणी चालवून पाहिले नाही.

पहिल्याच संध्याकाळी ‘उद्या’ची यादी छापली आणि कंपाउंडरने घरोघर निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी, दोनच दिवसांपूर्वी टोचून गेलेली मुले पुन्हा आली. डॉक्टरांना पाहताच त्यांनी एकसुरात भोकाड पसरले. ज्यांची पाळी होती, त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

मोहनरावांनी दोघींना समोर बसवले आणि पडद्यावर बोट ठेवले.

“काल म्हणजे काल. वजा एक. हे बरोबर आहे. मग हा काल उद्याच्या यादीत कोणी घातला?”

“सर, काल एटले आवती काल पण थाय ने,” हेतल म्हणाली. गुजरातीत ‘आवती काल’ म्हणजे उद्या, आणि ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’.

“प्रोग्रॅममध्ये पण-बिण चालत नाही, हेतलबेन.”

मोहनराव मराठी होते. त्यांच्याही मनात ‘काल’ हा एकच दिवस होता. हेतलने संयोगिताकडे पाहिले. संयोगिता माझ्या कव्हरचा कोपरा नखाने सोलत बसली होती. गुजरातीतला ‘काल’ तिलाही ठाऊक होता. नोकरी तिला एकटीला मिळाली.

तो आठवडा हेतलचा होता. जिन्यात संयोगिताने मला पुढे केले.

“तू राख,” हेतल म्हणाली. “मारे हवे शुं काम?” आता तिला माझा काय उपयोग होता?

दिवाळीनंतर हेतलचे लग्न झाले. पत्रिका तरसालीला आली होती, पण संयोगिता गेली नाही.

पुढे एका दुपारी ऑफिसात तिने माझे सातवे प्रकरण उघडले. तिसऱ्याच पानावर लिहिले होते: ‘जो शब्द तुमच्या शेजाऱ्याला वेगळा वाटू शकतो, तो नाव म्हणून वापरू नका. आधी त्याला विचारा.’ तिने पेन्सिल हातात घेतली, पण खूण केली नाही. मला छातीशी धरून ती थेट समाला गेली.

दारात हेतलची आई होती. “हेतल तो भावनगर छे, बेटा. त्यां कॉम्प्युटर-बॉम्प्युटर कंई नथी.”

“मासी, भूल एनी न्होती,” संयोगिता म्हणाली. चूक हेतलची नव्हती, एवढेच तिला सांगायचे होते.

आई मग म्हणाली, “ए तो ए पण केहती हती.” हेतलही तेच म्हणत होती.

संयोगिताने मला त्यांच्या हातात द्यायला पुढे केले. त्यांनी मला न घेता हात जोडले. आम्ही दोघे रिक्षाने परत आलो. पानांवर पाणी पडले तर शाई पसरते, हे मला त्या रिक्षात कळले.

मित्रांनो, पुस्तक वाचताना सोपे वाटणारे पान उलटून टाकू नका. आणि शेजारी बसलेल्याला एकदा विचारा, या शब्दाचा तुला काय अर्थ लागतो? मला तोंड असते, तर मीच त्या दिवशी विचारले असते.

उद्याची यादी तोवर दवाखान्यात हातानेच होत होती. त्या संध्याकाळी संयोगिताने प्रोग्रॅममधला ‘काल’ काढून टाकला आणि दोन वेगळी नावे दिली, ‘गेलेला दिवस’ आणि ‘येणारा दिवस’. दोन्ही याद्या जोडून तपासल्या. दुसऱ्या दिवशीच्या यादीत एकतीस मुलांची नावे छापली गेली. एकतीस मुले आली.