गवती चहाचं तेल

मी तापट माणूस. सोलापुरात पस्तीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं आणि गिऱ्हाईक सोडून सगळ्यांवर ओरडलो. जास्त करून काशम्मावर, म्हणजे बायकोवर.

लग्नात तिच्या दुधनीच्या माहेरून एक ताडपत्राची पोथी आली होती. कन्नड, तिच्या पणजोबांच्या हातची. दर श्रावणात ती पोथी सोडायची, एकेक पान पुसून त्याला कसलंतरी उग्र तेल लावत बसायची. घरभर वास! एका वर्षी माझं डोकं फिरलं. "देवाच्या पोथीला तेल चोपडतेस? वेड लागलंय काय?" म्हणालो आणि बाटली मोरीत ओतली. पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटावर टाकली. तिनं ती पुन्हा काढली नाही. बावीस वर्षं झाली त्याला.

परवा जुन्या हस्तलिखितांवर व्याख्यान होतं. घरातल्या पोथ्या आणा, तज्ज्ञ बघून सांगतील, असं पेपरात आलं होतं. नातीला ती पोथी वाचून दाखवायची काशम्माची लई इच्छा. म्हटलं, चल की. ती ठेवणीतली इरकल नेसून आली.

चंद्रिका नावाच्या बाई बोलायला होत्या. पडद्यावर चित्रं दाखवता दाखवता त्यांनी एक बाटली उघडली. "हे गवती चहाचं तेल. वर्षातून एकदा लावलं की ताडपत्राला कीड लागत नाही, पान मऊ राहतं. आपल्या बायकांना हे ठाऊक होतं. प्लॅस्टिकमध्ये मात्र कधी बांधू नका."

वास आमच्या रांगेपर्यंत आला. तोच वास. माझे कान तापले. शेजारी बघायची हिंमत होईना.

व्याख्यान संपल्यावर आम्ही पिशवी टेबलावर ठेवली. बाईंनी पहिलं पान उचललं आणि त्याचे तीन तुकडे झाले. खालची पानं किडीनं चाळणी केलेली.

"अरेरे! अक्षर काय सुंदर आहे हो. पण वाचण्याजोगं काहीच उरलं नाही. घरात तेल लावायची पद्धत नव्हती का?"

मी तोंड उघडलं, पण काशम्मा आधी बोलली. "होती की. माझाच आळस नडला."

मागच्यांनी हळहळत तिच्याकडे पाहिलं. आणि मी, ज्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, तो मी खाली बघत पिशवीची घडी घालत राहिलो.

रिक्षात म्हणालो, "खोटं का बोललीस?"

"चारचौघांत तुमची मान खाली कशाला घालायची?" ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली. मला रडू येत होतं, पण रडायचीसुद्धा लाज वाटली.

घरी नात दारातच उभी. "आज्जी, पोथी वाचायची ना?"

"खराब झाली गं. माझ्या हातून."

"तिच्या नाही," मी म्हणालो. "माझ्या हातून."

सभागृहात शंभर माणसं होती. मी खरं बोललो ते सात वर्षांच्या पोरीसमोर.