कुत्र्याला कसलं देवक

आमच्या पंकजाचं जमत आलेलं लग्न मोडलं, ते साल दोन हजार बावीस. मित्रांनो, मी जामखेडकडची कारवान कुत्री आहे. लांब पायांची, बारीक कंबरेची. आता थकले आहे, पण ते साल विसरले नाही.

मुलगा चांगला होता, नागापूरला कारखान्यात कामाला. पण दोन्ही घरांचं देवक एकच निघालं. पंकजाचे वडील कल्याण म्हणाले, मग ही बहीण-भावंडंच झाली. पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं.

त्याच आठवड्यात त्यांनी माझी जोडी माझ्या सख्ख्या भावाशी लावली.

त्यांची आई बनुबाई ओट्यावरून म्हणाली, "अरं, भाऊ हाय तो तिचा."

"कुत्र्याला कसलं देवक, आये? रक्त चोख राहाया पायजे."

सगळे हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

सात पिलं झाली. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी सारखी. लोक फोटो काढायला येत, कल्याण मिशीत हसत. मग जुलाबाची साथ आली. लस टोचलेली असूनही सहा पिलं चार दिवसांत गेली. उकिरड्यावरची गावठी पिलंही आजारी पडली, पण त्यांतली बरीच उठून पुन्हा भुंकू लागली.

जनावरांच्या डॉक्टर शॅरन मॅडम यांनी नीट समजावलं. रोग ओळखायची ताकद पिलाला निम्मी आईकडून आणि निम्मी बापाकडून येते. दोन्ही वेगळ्या असतील, तर एकीला चुकलेला रोग दुसरी पकडते. पाळीव जातींत आधीच या ताकदीचे प्रकार मोजके असतात. त्यात घरातल्या घरात जोड्या लावल्या की एकच उरतो.

"दादा, तुम्ही दारं सात केलीत, पण सगळ्यांना एकाच किल्लीचं कुलूप लावलंत," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी नर लांबून आणा."

कल्याण यांनी मान हलवली.

माझी एकच मुलगी वाचली, टिकली. तिच्या अंगावरची खरूज कधी पुरती सुकली नाही. मी चाटून चाटून तिला वाढवलं. ती दीड वर्षाची झाली आणि कल्याण यांनी तिची जोडी तिच्या बापाशीच लावली. बनुबाईनं लेकाच्या पुढ्यातलं ताट उचललं. "बापाशी? मग जेवाया बी आता कुत्र्यातच बस," ती म्हणाली. ते उठून मळ्यात गेले. जोडी काही सोडवली नाही.

मित्रांनो, कुत्रा घ्याल तेव्हा आधी त्याचे आईबाप विचारा. ते एका घरचे असतील, तर देणाऱ्याच्या तोंडावर नको म्हणा.

टिकलीला ताप आला, तो उतरला नाही. मंगळवारी, सत्तावीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी सकाळी, पोटातल्या पिलांसह ती मेली.