सारजाबाई माझं नाव घेत नाही

दम खायला ज्या दगडावर टेकलात ना, तो माझा गुडघा आहे. बसा, बसा. मी सटवाचा डोंगर. चौसाळ्याहून माळामाळानं आलं की बाभळींच्या मागे काळा, चपट्या माथ्याचा दिसतो तो मीच. चपट्या म्हटलं म्हणून हसू नका, बालाघाटात आम्हा सगळ्यांचंच डोकं असं असतं.

माझा जन्म तापट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि आतला रस दुधासारखा उतू गेला. थिजला, पुन्हा उतू गेला, पुन्हा थिजला. असे थरावर थर बसले. एक काळ्या पाषाणाचा, त्याखाली एक मऊ मुरमाचा. मग वाऱ्यापावसानं आजूबाजूचं सगळं धुऊन नेलं आणि मी तेवढा उरलो. उरलो म्हणून डोंगर झालो, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

हे मला एका प्राध्यापकांमुळे कळलं. ते मुलांना घेऊन आले, हातोडीनं माझ्या बरगडीचा टवका काढला, भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "अगदी सामान्य नमुना आहे." एवढी वर्षं उन्हात उभं राहून हे ऐकायचं! मुलांनी टवका तिथंच टाकला आणि डबे उघडले. तिकडे कपिलधारला पाणी उंचावरून पडतं, देऊळ आहे, माणसं फोटो काढतात. माझ्या अंगावरून पावसाळ्यात जे काही गळतं, त्याला कुणी धबधबा म्हणत नाही.

माझ्याकडे एकच मिरवण्यासारखी गोष्ट आहे, ती म्हणजे नाव. फार मागे एका दुष्काळात सटवा नावाचा शेळ्या राखणारा माणूस कळप घेऊन माझ्या माथ्यावर आला आणि इथंच राहिला. तो गेल्यावर तो बसायचा त्या दगडाला लोकांनी शेंदूर लावला. त्याचा सटवाबुवा झाला आणि मी सटवाचा डोंगर. तोवर मी बिननावाचाच होतो आणि माझं काही अडत नव्हतं. पण एकदा नाव मिळालं की ते कुणी घ्यावंसं वाटायला लागतं. तुमच्याकडूनच लागलेली सवय आहे ही.

आता पंचाईत अशी की, सटवाबुवाच्या घराण्यात दर पिढीला एक सटवा असतो आणि आमच्या गावात बायको नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. आत्ताच्या सटवाची बायको सारजाबाई. लग्न होऊन आल्यापासून रोज शेळ्या घेऊन माझ्यावर येते. कुठल्या कपारीत पाला आहे, कुठला दगड डुगडुगतो, तिला सगळं ठाऊक. पण माझं नाव? छे. शेळ्या कुठं आहेत असं कुणी विचारलं की म्हणते, "त्यांच्यावर चढल्यात." परगावचा पाहुणा घाबरून सटवाकडे बघायला लागतो.

श्रावणी सोमवारी सगळं गाव वर येतं. पहिल्यांदा व्यालेल्या शेळीचं दूध बुवाच्या दगडावर घालायचं, मग कड्यावर उभं राहून माझ्या नावानं हाक मारायची, "सटवाऽऽ!" समोरच्या कातळावरून मी ओ देतो. ओ स्वच्छ आली तर नवस पोचला. दिवसभर ओ देऊन देऊन घसा बसतो. सारजाबाई मात्र नुसते हात जोडते. तिचा एकही नवस माझ्यापर्यंत आला नाही, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

गेल्या श्रावणात सटवा चढणीवरच थांबला आणि म्हणाला, "ह्या वाटेनं लई येळ लागतो. मी आडवाटेनं जातो."

"पाय घसरंल. नीट वाटेनं चला की," सारजाबाई म्हणाली.

"माज्या नावाचा डोंगर हाय. मला वाट कावून दावतीस?"

आणि गेला. आडवाटेवर काळ्या पाषाणाखालचा माझा मुरूम कधीच वाहून गेलाय, तिथं घळ आहे. सटवा तिच्यात घसरला आणि कमरेपर्यंत अडकला. लागलं फारसं नव्हतं, पण निघता येईना, आणि आपल्याच नावाच्या डोंगरात अडकलो म्हणून ओरडायची लाज वाटत होती. ती घळ म्हणजे माझी मोरी. माथ्यावर पडलेलं सगळं पाणी तिच्यातूनच खाली जातं. आणि आष्टीच्या बाजूनं आभाळ भरून येत होतं.

वर सारजाबाई वाट बघून दमली. नात योगितानं आजोबांना फोन लावला, तो आजीच्याच पिशवीत वाजला. तेव्हा सारजाबाई कड्यावर गेली आणि ओरडली, "अहोऽ! ऐकलं का?"

डोंगरावरचे सगळे नवरे वळले. मोहनरावांनी पटका सावरला. अजिनाथ दुकानदार खाताखाता उठला आणि म्हणाला, "आता काय केलं मी?"

माणसं शोधायला पांगली. पण माझ्या अंगावर घळी म्हातारीच्या सुरकुत्यांइतक्या. सटवानं ओ दिली तरच पत्ता लागायचा, आणि तो ओ देईना. सगळे "सटवाऽ" म्हणून ओरडत होते, पण सकाळपासून तेच चाललेलं, त्याला वाटलं डोंगराला हाक मारतायत. "अहो" ऐकलं तर वाटलं कुणाची तरी बायको असेल.

पहिले थेंब पडले. योगिता रडवेली होऊन म्हणाली, "आजी, तू नाव घे ना. तुझ्या आवाजात आलं की त्यांना कळंल."

सारजाबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला. शेवटी डोळे मिटून तिनं हाक मारली.

"सटवाऽऽ!"

माथ्यावरची सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. मी भानावर येऊन ओ दिली, माझ्या जन्मातली सगळ्यात स्वच्छ. घळीतून मात्र काही नाही.

"सटवाऽऽ!" पुन्हा काही नाही. आता ती चिडली. "ए सटवा! हायस का गेलास बे?"

"हाय!" घळीतून आवाज आला. "अडकलोय!"

पटक्याला पटका बांधून त्याला ओढून काढला, तोवर घळीतून लाल पाणी धावायला लागलं होतं. सारजाबाई चिखलानं माखलेल्या नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"पयली हाक ऐकू आली न्हाई का?"

"आलती."

"मग ओ कावून दिली न्हाई?"

सटवा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आजून एकदा ऐकावी वाटली."

लोक पोट धरून हसले. सारजाबाई गर्रकन वळली आणि पदरात तोंड लपवून थेट खाली उतरली. त्यानंतर तिनं पुन्हा नाव घेतलेलं नाही.

हल्ली सटवा दर दोन-चार दिवसांनी वर येतो आणि घळीच्या तोंडाशी, पाय नीट बाहेर ठेवून, बसतो. खालून हाक येते, "अहोऽ, भाकर गार होतीया!" तो गप्प. मीही गप्प.

आता उतरताय ना? खाली पहिलंच घर सारजाबाईचं. पाणी प्यायला थांबाल तेव्हा तिला एवढा निरोप द्या की, वर दोघं बसलेत, आणि नाव घेतल्याशिवाय दोघांपैकी एकही ओ देणार नाही.