नाव आधी

मले डोयानं दिसत नाही, म्हणून मी कोड कानानं वाचते. कम्प्युटर बोलते, मी ऐकते. त्यातच राजकुमारनं घोळ घालून ठेवला.

मी सुरभी, पुसदची. राजकुमार राठोड त्याच्या तांड्यावरून अन् अमर यवतमाळवरून. आम्ही तिघं 'वखर' नावाची प्रोग्रामिंगची भाषा बनवून राह्यलो. तिच्यात आता शेरे येणार होते: हे फंक्शन जुनं झालं, हे हळू चालते, हे बाहेरून वापरू नका, असे. राजकुमार म्हणे, शेरे फंक्शनच्या डोक्यावर लिहू, प्रत्येकाच्या आधी @. बाकीच्या भाषांत तसंच असते, नव्या माणसाले सोपं जाते.

"नव्या माणसाले सोपं," मी ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हटलं. "मले 'ॲट द रेट, ॲट द रेट' ऐकत बसा लागते. कोणाबद्दल चाललं ते शेवटी समजते."

"होईल सवय."

माझं डोकंच सणकलं. "असं ठरलं तर मी वखर सोडते." धमकी नव्हती ती. एवढा जीव लावला होता, तरी खरंच सोडली असती. अमर म्हणाला, मत घेऊ. त्याचं मत @ कडेच होतं, हे मले माहीत होतं.

तेवढ्यात राजकुमारच्या घरून त्याच्या याडीचा, म्हणजे आईचा, रुपीबाईचा, आवाज आला. घरात ते बंजारा बोलतात, पण अंगणात कामाची माणसं होती, म्हणून मराठीतून. "मोटर बंद कर, बैलाले पाणी दाखव, फाटक लावून घे, राजकुमार."

राजकुमार आपला बोलतच होता. थोड्या वेळानं रुपीबाई पार माइकजवळ आली. "मोटर चालूच हाय ना रे? अंगणभर पाणी झालं."

"मले काय मालूम, तू मलेच सांगून राह्यली?" राजकुमार वैतागला. "आधी नाव घे ना याडी, मंग काम सांग. मागून नाव घेतल्यावर आधीचं कोणाच्या ध्यानात राह्यते?"

अमर हसायला लागला. मी नाही हसली. मले हेच वखरबद्दल त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"मोटर बंद करून येतो," तो म्हणाला. परत आला तेव्हा धापा टाकत होता. "सुरभे, नाव पहिल्या ओळीत, शेरे त्याच्या खाली. @ बी काढून टाकू, साधे शब्द लिहू."

"अन् नव्या माणसाचं काय?" मी मुद्दाम विचारलं.

"तू हायेस ना त्याले शिकवाले."

संध्याकाळी त्यानं नमुना पाठवला. पहिल्याच शब्दाले कोणाबद्दल चाललं ते समजलं. लई बरं वाटलं, अन् मी पुढचं फंक्शन लिहायला घेतलं.