काकूंच्या नावाची मुंगी

सरांना आता दिसत नाही. संग्रहालयातून निवृत्त झाले तरी त्यांची पत्रं मीच वाचते, उत्तरंही मीच लिहिते. मी त्यांचं बोट टेकवीन तिथे ते डोळे झाकून सही करतात, असं आम्ही थट्टेने म्हणतो. आजचं पत्र मात्र गिळून टाकावंसं वाटत होतं.

सरांचं आयुष्य शिकारी मुंग्यांच्या एकाच गटात गेलं. या बयांनी जबडा सताड उघडा ठेवून फिरायचं, आतल्या केसाला किडा लागला की खटकन मिटायचा. जिवावर बेतलं तर तोच जबडा जमिनीवर आपटून उडी मारायची. साठ-सत्तर जाती, आणि ओळखायच्या कशावरून, तर डोक्यावरच्या रेघा नि कमरेवरचा काटा.

अठरा वर्षांपूर्वी मी संग्रहालयात त्यांची मदतनीस म्हणून नवीन होते. ब्रशने धूळ झटकताना एका वाळलेल्या मुंगीचं डोकं तुटून पडलं, सापडेना. घाबरून मी शेजारच्या पेटीतल्या दुसरीचं चिकटवलं. महिन्याने सर भिंगावरून ओरडले, "असं डोकं नि अशी कंबर एकत्र कुणी पाहिलीय?" त्या नव्या जातीला त्यांनी काकूंचं, म्हणजे आपल्या बायकोचं नाव दिलं. माझी दातखीळ बसली ती बसलीच. काकू अजून पाहुण्यांना भिंतीवरचं तिचं चित्र दाखवतात, "बाकीच्यांना दागिने मिळाले, मला मुंगी!"

"मुंगी तपासायला नेली होती, काय म्हणतोय तो संशोधक?" सरांनी विचारलं. काकू बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

दोन ओळी गाळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? मी सगळं वाचलं. डोक्याचा आणि पायाचा डीएनए जुळत नाही. डोकं एकीचं, धड दुसरीचं. जात रद्द करावी लागेल.

काकूंचे हात थांबले.

"लिही," सर म्हणाले. "चूक माझी. मी नीट पाहिलं नाही."

मी लिहिलं, "चूक माझ्या मदतनिसाची. तुटलेल्या डोक्याच्या जागी तिने दुसरं चिकटवलं आणि लपवलं." तसंच मोठ्याने वाचलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कुणीतरी ओरडावं म्हणून मी वाट पाहत होते.

शेवटी मी कागद पुढे केला, नेहमीसारखं सरांचं बोट धरायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "चष्मा लाव. हिने काय लिहिलंय, ते जरा तू वाचून बघ."